आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं

परवा दुपारी एका भाषांतराच्या एजन्सीचा फोन आला. आधी कधी त्यांच्याबरोबर काम केलेलं नव्हतं. पोरगा आवाजावरून पंचविशीतला वाटत होता, दर वाक्याला मॅडम. २२,००० शब्द आहेत, इंग्रजीतून मराठी, क्लिनिकल ट्रायलचे म्हणजे औषधाच्या चाचणीचे कन्सेंट फॉर्म (संमतीपत्रं), १२ दिवसांत हवेत, तुमचा रेट काय. मी म्हटलं शब्दाला २ रुपये, मोजायचं इंग्रजी फाइलवर, बॅक ट्रान्सलेशन (मराठीचं परत इंग्रजी करून ताडून बघणं) आणि सर्टिफिकेट त्यात धरलेलं नाहीये. आणि गप्प बसले.

पलीकडे कीबोर्डचा आवाज येत होता. इकडे माझा कुकर दुसऱ्या शिट्टीला आलेला, मी गॅस बारीक केला आणि परत ओट्याला टेकून उभी राहिले. आठ-दहा सेकंद गेले असतील, पण पैसे मागून झाल्यावरचे आठ-दहा सेकंद किती मोठे असतात ते मागणाऱ्यालाच माहीत. मग तो म्हणाला, थोडं जास्त होतंय मॅडम, १.८० ला नाही का जमणार, आपल्याकडे रेग्युलर काम असतं. मी म्हटलं जमेल की, पण मग १२ च्या जागी १८ दिवस द्या आणि टेबलांचं फॉरमॅटिंग तुमच्याकडे करून घ्या. परत शांतता. सरांना विचारून सांगतो म्हणाला. साडेचारला मेल आला, २ रुपये, १२ दिवस, पीओ म्हणजे कामाची लेखी ऑर्डर जोडलेली.

वाचायला हे सोपं वाटतं. मला इथपर्यंत यायला दहा-बारा वर्षं लागली आणि त्यातली बरीचशी वर्षं मी भाषांतर शिकत नव्हते, ते मला बऱ्यापैकी येत होतं, मी फक्त हे गप्प बसायला शिकत होते.

२०१३ साली नोकरी सोडून घरून काम सुरू केलं तेव्हा पहिल्याच फोनवर मला विचारलं होतं तुमचा रेट काय, आणि मी म्हटलं होतं, तुम्ही बाकीच्यांना जे देता ते द्या. मला वाटलं हे किती समंजसपणाचं उत्तर आहे. ३५ पैसे मिळाले. दीड वर्षाने त्याच प्रोजेक्टवरचा एक जण एका लग्नात भेटला, गप्पा निघाल्या, त्याला ८० पैसे मिळत होते. तेच काम, तीच एजन्सी, तीच को-ऑर्डिनेटर. मी त्याला विचारलं तुला कसे काय दिले, तर तो साधेपणाने म्हणाला, मी मागितले. घरी येताना रिक्षात मी हिशोब करत होते की दीड वर्षात किती शब्द केले आणि शब्दामागे ४५ पैसे म्हणजे किती झाले. तो आकडा इथे लिहीत नाही पण त्यात त्या वेळी नवा लॅपटॉप आला असता.

आता हे भिडेचं काय असतं ते सांगते, कारण मला वाटतं आपल्याकडे खरी अडचण तिथे आहे, रेट कार्ड वगैरे नंतरचं.

माझी आई घरी ब्लाउज शिवायची आणि साड्यांना फॉल-पिको करायची. दारावर पत्र्याची छोटी पाटी होती, त्यावर दर रंगवलेले. पाटी असल्यामुळे अनोळखी बायकांशी काही बोलायला लागायचं नाही, त्या वाचायच्या आणि द्यायच्या. अडायचं ते ओळखीच्यांपाशी. शेजारच्या, नात्यातल्या, शाळेतल्या बाईंच्या घरच्या. त्या म्हणायच्या, अगं देते नंतर, आणि आई म्हणायची, असू दे हो, कुठे पळून जाताय. एक लांबडी वही होती, लाल कापडी पाठीची, त्यात ती तारीख, नाव, काम आणि पुढे 'बाकी' असं लिहायची. घर बदलताना ती वही माझ्या हाताला लागली. पानंच्या पानं. काही ठिकाणी बाकी खोडून 'आले' केलेलं, पण निम्म्याहून जास्त ठिकाणी नाही. डोळे दुखेपर्यंत रात्री मशीनवर बसलेली मला आठवते ती आणि त्या ओळी. मी विचारलं मागितले का नाहीस गं, तर म्हणाली, भीड वाटते बाई, आणि वर आजीचंच वाक्य म्हणाली, भीड भिकेची बहीण. म्हणजे तिला म्हण पाठ होती, पटलेलीही होती, तरी तोंड उघडत नव्हतं.

माझंही तेच होतं. फरक एवढाच की माझी वही एक्सेल शीट होती.

तेव्हा पहिली गोष्ट मी पाटी केली. एका पानाची पीडीएफ. त्यात भाषांतराचा दर, तपासणीचा दर, दिवसाला किती शब्द देऊ शकते, अर्जंट कामाला ३० टक्के जास्त, किती वेळा दुरुस्त्या करून मिळतील, बिल कधी द्यायचं. कोणी रेट विचारला की आधी ती पाठवते, मग बोलते. फोनवर तोंडाने २ रुपये म्हणताना आवाज कापतो तो कागदावर कापत नाही. ज्यांना बोलायची भीड वाटते त्यांनी हे आजच करा, खरंच सांगते, फॉन्ट कुठला आणि लोगो काय यात आठवडा घालवू नका.

पण पाटीवर आकडा कुठला लिहायचा. सगळे इथेच अडतात आणि मग दुसऱ्याला विचारतात, मार्केट रेट काय चाललाय. मार्केट रेट म्हणून एक आकडा नसतोच या धंद्यात, ५० पैसे पण चालतात आणि ४ रुपये पण चालतात, एकाच शहरात एकाच महिन्यात. मी उलटीकडून येते. माझ्या घराला, सॉफ्टवेअरला, हेल्थ इन्शुरन्सला, सीएच्या फीला आणि थोडं बाजूला टाकायला मिळून महिन्याला ६०,००० लागतात असं धरा. महिन्यात कामाचे दिवस २५ म्हणाल, पण सलग भाषांतर होतं असे दिवस १५ च भरतात, बाकीचे मेल, बिलं, सॅम्पल, क्लायंटच्या शंका, आजारपण, सणवार आणि चक्क काम नसणं यात जातात. मन लावून केलं तर मी दिवसाला २,००० शब्द करते, त्यापुढे वाक्यं ढासळायला लागतात. १५ दिवसांचे झाले ३०,००० शब्द. ६०,००० भागिले ३०,०००, दोन रुपये. आता कोणी १.२५ म्हणाला की मला लगेच दिसतं, महिन्याला ३७,५००. मग मी चिडत नाही, वाईटही वाटून घेत नाही, फक्त कळतं की हे काम घेतलं तर घर चालायला मला रात्रीचे बसावं लागेल आणि रात्रीचं केलेलं भाषांतर सकाळी मलाच आवडत नाही.

यात टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या आयकराचं, विसरू नका. प्रोफेशनल फी म्हणून बिल असेल तर कंपनी १० टक्के कापून देते, १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५०,००० च्या वर गेलं की, त्याआधी ती मर्यादा ३०,००० होती. ते पैसे आपलेच असतात, रिटर्न भरल्यावर हिशोबात येतात, पण तोपर्यंत काही महिने ते हातात नसतात. आणि नवीन मुलं घाबरतात ते जीएसटीला. सर्व्हिस देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे रजिस्ट्रेशन लागत नाही. जीएसटी नंबर नाही म्हणून रेट कमी करू असं कोणी म्हणालं तर ते चुकीचं आहे, पॅन नंबर द्या, पुरतो.

आता शब्द मोजायचं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंग्रजीतून मराठीत आलं की शब्द कमी होतात. मजकूर कमी होत नाही, शब्द कमी होतात, कारण आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटतात. 'इन फ्रंट ऑफ द हाउस' हे इंग्रजीत पाच शब्द आहेत. मराठीत 'घरासमोर'. एक. 'इव्हन फॉर द चिल्ड्रन' चार, आपलं 'मुलांसाठीसुद्धा' एक. तेव्हा शब्दाला २ रुपये हे अर्धंच वाक्य आहे. कुठल्या शब्दाला? मूळ इंग्रजीच्या की झालेल्या मराठीच्या? मी एकदा १०,००० शब्दांची इन्शुरन्सची फाइल केली, २०,००० होतील म्हणून बसले होते, आणि त्यांनी मराठी फाइल मोजून ७,६०० शब्दांचे १५,२०० दिले. करारात फक्त 'पर वर्ड' लिहिलेलं होतं. भांडले, पण कशाच्या जोरावर भांडणार. ४,८०० रुपये गेले. मला त्या पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे की मी जितकं नेटकं मराठी लिहिलं तितके माझे पैसे कमी झाले. 'च्या संदर्भात', 'च्या माध्यमातून', 'करण्यात येत आहे' असलं फुगवून लिहिलं असतं तर जास्त मिळाले असते. असा करार भाषेचंही वाटोळं करतो. म्हणून आता माझ्या पाटीवर पहिली ओळ आहे, दर मूळ फाइलच्या शब्दसंख्येवर, आणि काम सुरू व्हायच्या आधी तो आकडा दोघांनी मेलवर लिहून मान्य करायचा.

घासाघीस होतेच. मला आता तिचा राग येत नाही, समोरच्यालाही त्याच्या क्लायंटने दाबलेलं असतं. पण एक नियम मी स्वतःला घालून घेतलाय आणि तो मोडत नाही, दर खाली आला की कामही खाली आलं पाहिजे. नुसता दर उतरवायचा नाही. दिवस वाढवून घ्या, फॉरमॅटिंग काढा, दुरुस्त्यांची फेरी दोनाची एक करा, अॅडव्हान्स मागा, पैसे ४५ दिवसांऐवजी १५ दिवसांत मागा, काहीतरी बदल्यात घ्या. कारण तुम्ही २ चे १.५० काहीच न बदलता केलेत तर तुम्ही त्यांना सांगताय की आधीचे २ खोटे होते. मग पुढच्या वेळी ते १.५० पासून सुरू करतात, आणि त्यांचं चूक नसतं त्यात. श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये फाइल हवी म्हणतात ना, ते पण फुकट नाही. युनिकोडमधून तिकडे नेलं की रफार हलतात, जोडाक्षरं फुटतात, एकेक ओळ पुन्हा बघावी लागते. त्याचे पानामागे वेगळे.

'रेग्युलर काम असतं' हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असणार. मी त्याला हल्ली एवढंच म्हणते, छान, मग महिन्याला किती शब्दांची खात्री देता ते लिहून द्या, त्यावर मी दर देते. एकाने खरंच लिहून दिलं, महिन्याला किमान १५,०००, त्याला मी १.७५ ने करते आणि आनंदाने करते, तीन वर्षं झाली. बाकीच्यांनी विषय बदलला.

सॅम्पलचं पण तसंच. २००-२५० शब्द मी फुकट करून देते, तेवढ्यात कुणालाही कळतं कसं काम आहे. एकांनी १,८०० शब्दांचं सॅम्पल पाठवलं होतं आणि नंतर मला कळलं दुसऱ्या एकीला त्याच फाइलचं पुढचं प्रकरण सॅम्पल म्हणून दिलेलं. आम्ही एकमेकींना ओळखत होतो म्हणून कळलं. फ्रीलान्सरांनी एकमेकांना ओळखणं, दर सांगणं, लपवून न ठेवणं याला मी फार महत्त्व देते, त्या लग्नातल्या माणसाने मला ८० पैसे सांगितले नसते तर मी अजून किती वर्षं ३५ वर बसले असते कोण जाणे.

आता मशीनचं. गेल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जास्त बोलणी याच्यावरच होतात. एजन्सी म्हणते, भाषांतर मशीनने केलेलंच आहे, तुम्ही फक्त पोस्ट एडिटिंग करा, दर ८० पैसे. 'फक्त' म्हणतात. मी आलेली फाइल उघडली, पहिल्या पानावर 'ट्रीटमेंट आर्म'चं 'उपचाराचा हात' केलेलं. ट्रायलमध्ये पेशंटचे गट पाडतात, एकाला नवीन औषध, दुसऱ्याला जुनं किंवा काहीच नसलेली गोळी, त्या गटाला इंग्रजीत आर्म म्हणतात. मशीनने प्रत्येक ठिकाणी हात केलेला. आणि 'इंजेक्शन साइट'वर दुखू शकतं, तर तिथे इंजेक्शनचं संकेतस्थळ. आता हा कागद कुणाच्या हातात जाणारे ते बघा. सिन्नरचा, दिंडोरीचा एखादा शेतकरी, पंचावन्न वर्षांचा, सरकारी नाहीतर खासगी दवाखान्याच्या बाकावर बसून वाचणार, किंवा त्याची सून त्याला वाचून दाखवणार, आणि खाली सही करणार किंवा अंगठा देणार. त्याला हे समजलं पाहिजे की त्याला नवीन औषध मिळेलच असं नाही आणि तो कधीही बाहेर पडू शकतो. तेवढ्यासाठी तो कागद असतो. हाताचा आणि संकेतस्थळाचा कागद त्याला देणं हे माझ्या हातून व्हायचं नाही, ८० पैशात नाही आणि ८ रुपयांतही नाही.

पण हे भावनेनं सांगून एजन्सी ऐकत नाही म्हणून मी घड्याळ लावलं. स्वतः पहिल्यापासून केलं तर १,००० शब्दांना मला ३ तास लागतात. मशीनची फाइल दुरुस्त करायला १,००० शब्दांना २ तास २० मिनिटं लागली, तीन वेगवेगळ्या फाइलींवर साधारण तेवढीच. म्हणजे वेळ वाचला, वाचला नाही असं म्हणणं खोटं होईल, पण निम्मा नाही वाचला, पाऊण वेळ तर लागलाच. २ रुपये दराने मला तासाला ६६० च्या आसपास पडतात. ८० पैशांनी १,००० शब्दांचे ८००, तासाला ३४५ सुद्धा धड नाही. मी हे तीन फाइलींच्या वेळेसकट आणि चुकांच्या यादीसकट मेल केलं, आणि म्हटलं एकतर ताशी ६५० द्या नाहीतर शब्दाला १.५०. त्यांनी १.२० म्हटलं. मी चुकांच्या यादीतल्या उपचाराच्या हाताकडे बोट दाखवलं आणि विचारलं, याच्या खाली सर्टिफिकेटवर सही कोणाची जाणार, माझीच ना. शेवटी १.४० ला ठरलं. त्या एजन्सीसाठी हेच काम करणाऱ्या आणखी दोघींना मी माझा आकडा सांगितला आणि त्यांनीही तेवढेच मागितले.

पैसे ठरवणं एक आणि मिळवणं दुसरं. मुंबईच्या एका कंपनीकडे माझे ३४,२०० अडकले होते, सात महिने. कंपनीचं नाव लिहीत नाही. को-ऑर्डिनेटर मुलगी चांगली होती, दर वेळी म्हणायची मॅडम या आठवड्यात नक्की, आणि तिच्या हातात काहीच नव्हतं. मला बरेच महिने कळलंच नाही की मी चुकीच्या माणसाला विनवतेय. मग एका ओळखीच्या सीएने सांगितलं, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे ना तुमचं? होतं, ऑनलाइन होतं, फुकट होतं, आधार आणि पॅनवर, २०२० ला सुरू झालं तेव्हा मी करून ठेवलेलं आणि विसरून गेलेले. तो म्हणाला मग तुम्ही सूक्ष्म उद्योग आहात, सेवा देणारेही त्यात येतात. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे तुमचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करारच नसेल तर १५ दिवसांत यायला पाहिजेत, नाही आले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. आणि वर म्हणजे १ एप्रिल २०२४ पासून आयकराचा नियम असा झालाय की त्या मुदतीत तुमचे पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो.

हे शेवटचं वाक्य कामाला आलं. मी को-ऑर्डिनेटरला सोडलं आणि थेट अकाउंट्सच्या मेलवर लिहिलं, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. उद्यम सर्टिफिकेट जोडलं, तिन्ही बिलं जोडली, कुठल्या तारखेला ४५ दिवस संपले ते लिहिलं, आणि ३१ मार्चच्या आत न आल्यास फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (अशा थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे) समाधान पोर्टलवरून तक्रार करीन एवढं. एकही रागाचा शब्द नाही, एकही विनंती नाही. २८ मार्चला पैसे जमा. अकाउंट्सवाल्याने फोन करून विचारलं, मॅडम तुमचं अजून काही पेंडिंग आहे का. सात महिने कोणी विचारलं नव्हतं. व्याज मी मागितलं नाही तेव्हा, ती भीडच होती जुनी, आता मागते, बिलाच्या खालीच उद्यम नंबर आणि ती ओळ छापलेली आहे. ज्यांनी केलं नसेल त्यांनी उद्यम करून घ्या, आणि काम घ्यायच्या आधी करा, पैसे अडकल्यावर नाही, कारण नंतर केलेल्या रजिस्ट्रेशनवर आधीच्या कामाचं भांडण टिकायला अवघड जातं.

पुस्तकाच्या भाषांतराची बोलणी फार वेगळी असतात म्हणून त्याबद्दल थोडं. तिथे पैसे कमी असतात हे मान्य करून मी जाते, कारण पुस्तक मला हवं असतं. पण २०१९ ला एका प्रकाशकांनी करार पाठवला, ४०,००० एकरकमी, आणि सर्व हक्क, सर्व माध्यमांत, सर्व काळासाठी. काका फार प्रेमळ माणूस, चहा पाजून करार पुढे केला, म्हणाले आमचा नेहमीचा ड्राफ्ट आहे, सगळे करतात सही. मी म्हटलं घरी नेते काका, वाचून देते. त्यांना आवडलं नाही ते दिसलं मला. भाषांतराचा कॉपीराइट पहिल्यांदा भाषांतर करणाऱ्याचा असतो, आपण नोकर नसतो त्यांचे, हे त्या रात्री वाचून कळलं. १९५७ च्या कायद्यात असंही आहे की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे कायदा आपल्या बाजूने बऱ्यापैकी विचार करून ठेवलेला आहे आणि 'सर्व काळासाठी' या दोन शब्दांनी आपण तो सोडून देतो. मी रकमेवर एक रुपया वाढवून मागितला नाही. तीन गोष्टी मागितल्या, मुदत दहा वर्षं, ऑडिओचे हक्क माझ्याकडे आणि मुखपृष्ठावर भाषांतरकाराचं नाव. काकांनी मुदतीला आणि नावाला हो म्हटलं, ऑडिओवर दोन फोन झाले, शेवटी निम्मे-निम्मे ठरलं. दोन वर्षांनी ऑडिओबुक झालं त्या पुस्तकाचं आणि माझा वाटा आला. रक्कम मोठी नव्हती, पण तो चेक मी आईला दाखवला.

नाही म्हणणं हे पण बोलणीच असतं. रात्री साडेनऊला येणारी 'सकाळी दहाला लागेल, छोटंसंच आहे' ही फाइल मी आता घेत नाही, अर्जंटचे पैसे दिले तरी नेहमी घेत नाही. कायद्याच्या नोटिसा घेत नाही, मला त्या चांगल्या जमत नाहीत, त्या जमणाऱ्या दोघांची नावं मी देते. आणि गंमत म्हणा काय म्हणा, ज्यांना मी नाही म्हटलं आणि दुसऱ्याचं नाव दिलं त्यांच्यातले निम्मे पुढे माझ्याच विषयाचं काम घेऊन आले.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी पेढ्यांचे फोटो टाकले, मी पण टाकले, मला मनापासून आनंद झाला होता. त्याच आठवड्यात एका क्लायंटने हिंदीला १.७५ आणि मराठीला १.२५ असा दरफलक पाठवला. मी विचारलं फरक का, तर म्हणाले मराठीत लोक मिळतात त्या दराने. मिळतात म्हणजे आपणच मिळतो. मी हिंदीएवढाच दर मागितला, त्यांनी दिला नाही, मी काम घेतलं नाही. सहा महिन्यांनी परत आले, १.७५ ला, आधीचं मराठी त्यांच्या डीलरांना कळलंच नव्हतं म्हणे.

दर वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी सगळ्या जुन्या क्लायंटना एक मेल पाठवते. तो चार ओळींचा आहे, जसाच्या तसा देते, हवा तर घ्या:

'नमस्कार, १ एप्रिलपासून माझा भाषांतराचा दर शब्दाला इतका राहील. ३१ मार्चपर्यंत पाठवलेल्या फाइलींना जुनाच दर लागू होईल. आपल्याबरोबर काम करायला मला आवडतं आणि पुढेही करायचं आहे. काही बोलायचं असल्यास जरूर फोन करा.'

महागाईमुळे, नाइलाजाने, क्षमस्व, असलं काही त्यात नाही. पहिल्या वर्षी होतं, तीन परिच्छेद होते, पेट्रोलचा भाव सुद्धा लिहिला होता मी त्यात. या मार्चमध्ये नऊ जणांना पाठवला. सहा जणांनी 'नोटेड' एवढंच उत्तर दिलं, एकाने पुढच्या वर्षीपर्यंत थांबाल का विचारलं त्याला जूनपर्यंत थांबते म्हटलं, एकाने काम बंद केलं. नवव्या जणीचा फोन आला, नगरची आहे, स्वतःची छोटी एजन्सी चालवते एकटी. म्हणाली ताई, तुमचा मेल मी कॉपी करून माझ्या क्लायंटना पाठवला तर चालेल का, चार वर्षं झाली, मला पैसे वाढवून मागायचेत. मी म्हटलं आज संध्याकाळच्या आत पाठव, आणि पाठवलास की फोन बाजूला ठेव, लगेच दुसरा मेल करू नकोस. साडेसातला तिचा मेसेज आला, ताई पाठवला, हातपाय गार पडलेत. मी लिहिलं, पडू दे, जेवून घे.